कौल लावण्याआधी

शिमग्याच्या आठ दिवस आधी तात्या गुरवांचा फोन आला. "बाय, देवरहाटीतला मोठा आंबा काय बरा दिसत नाय. सहाणेवरचा किंजळ वाकलाय. आनि बेहडा तर पार बोडका. येशील तवा जरा नजर टाक. मानकऱ्यांच्या मनात हाय, देवीला कौल लावावा आनि तिन्ही उतरून घ्यावी."

तात्यांनी ऐंशी ओलांडली आहे. मी सदुसष्ट वर्षांची. दापोलीला शिकले, तीस वर्षं कृषी महाविद्यालयात वनस्पतींचे रोग शिकवले आणि निवृत्त झाले, तरी माहेरी मी अजून 'बाय'च आहे. तिन्ही उतरून घ्यावी, हे शब्द ऐकून मी ओट्यावरच बसून राहिले. बाजारातल्या नारळांबद्दल बोलावं तसं ते ऐकू आलं होतं.

संगमेश्वर तालुक्यातलं हे गाव. वरच्या अंगाला वाघजाईचं देऊळ आणि देवळाला वेढून पाचेक एकरांची देवरहाटी. घाटावर हिलाच देवराई म्हणतात. आंबा, किंजळ, बेहडा, सातवीण, जांभूळ, रातांबा, भेर्ली माड आणि मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली. या रानाचा कायदा मला चालता येऊ लागलं तेव्हापासून पाठ आहे. इथली काटकी घरी न्यायची नाही. पडलेलं झाड पडल्या जागी कुजू द्यायचं. देवळाच्या तुळईसाठी लाकूड हवं असलं तरी आधी कौल. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या अशा राया हिंडून नोंदवल्या आणि बाहेरच्या जगाला त्यांचं मोल कळलं. आमच्या आज्यांना ते मोल ठाऊक होतंच, फक्त त्यांनी ते भीतीच्या आणि भक्तीच्या भाषेत सांगितलं होतं.

हात लावायचा नाही, हा नियम झाड धडधाकट असेपर्यंत सोपा असतो. ते आजारी पडलं की अडचण सुरू होते. रान देवीचं, तर त्यातली बुरशीही देवीचीच. मग मी औषधाचा डबा घेऊन तिथे जाते ती कुणाच्या बाजूने? आणि गेलेच नाही, डोळ्यांदेखत झाड वाळू दिलं, तर ती भक्ती म्हणायची की आळस? हा प्रश्न मला विद्यार्थ्यांनी कधी विचारला नाही, परीक्षेत कधी आला नाही. तीस वर्षं मी त्याच्या कडेकडेने चालत होते.

आमच्या शास्त्रात ज्या झाडावर रोग पोसला जातो त्याला 'यजमान' म्हणतात. वर्गात हा शब्द मी हजार वेळा फळ्यावर लिहिला असेल. यजमान म्हणजे घरी आलेल्याला जेवू घालणारा, यज्ञाला बसणारा. ज्याने कुणी हा शब्द निवडला त्याच्या मनात तेव्हा काय होतं कोण जाणे, पण देवरहाटीत उभी राहिले की तो मला टोचतो.

महाभारताच्या शांतिपर्वात भृगू आणि भरद्वाज यांचा एक संवाद आहे. भरद्वाज विचारतात, झाडं ऐकत नाहीत, पाहत नाहीत, त्यांना वास नाही, चव नाही, मग ती पंचमहाभूतांची, जिवंत कशी म्हणावीत? भृगू एकेक पुरावा मांडत जातात. उष्म्याने पानं कोमेजतात, म्हणजे स्पर्श आहे. विजेच्या गडगडाटाने फळंफुलं गळतात, म्हणजे कान आहेत. वेल वाट शोधत झाडाला वेढते, म्हणजे दृष्टी आहे. धूप-गंधाने रोगी झाडं बरी होऊन फुलतात, म्हणजे वास आहे. आणि झाडं पायांनी पाणी पितात, त्यांना रोग होतात, उपचार केला की ते रोग हटतात, म्हणून त्यांना रसना आहे. हे मी प्रथम वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. मी ज्या गोष्टीकडे आयुष्यभर शत्रू म्हणून पाहिलं तीच इथे जीव असल्याची साक्ष म्हणून उभी होती. दगडाला रोग होत नाही. जो आजारी पडू शकतो आणि ज्याला बरं करता येतं, तो आपल्यातला. पण मग बुरशीचं काय? तीही उपचाराने मरते. तीही कशाला तरी प्रतिसाद देते. भृगूंचा युक्तिवाद इमानाने पुढे नेला तर आळंबीलाही जीव मान्य करावा लागतो, आणि मला तो मान्य आहे.

मी गावी पोचले ती दुपारची. आधी बेहड्याकडे गेले, कारण त्याची मला भीती नव्हती. फाल्गुनात बेहडा बोडका नसेल तर कधी असेल? त्याची पानगळीची वेळच ती. मुंबईहून आलेल्या पोरांनी तो शिमग्याला कधी नीट पाहिलाच नव्हता, आणि गावातल्या म्हाताऱ्यांनी पोरांना सांगायचं सोडून दिलं होतं. बेहड्याचं नाव तसंही जरा वाईटच. नळराजाच्या गोष्टीत कली येऊन शिरतो तो याच झाडात, म्हणून याच्याखाली निजू नये म्हणतात. मी डहाळी वाकवून नखाने साल खरवडली. आत ओलं, हिरवं अस्तर. मग आईची कपडे धुण्याची मोगरी घेऊन खोडावर ठोकत गेले. भरीव खोडाचा आवाज आखूड आणि घट्ट येतो, पोकळ खोड ढोलकीसारखं घुमतं. बेहडा छातीच्या उंचीपासून वर घुमत होता. वीस-पंचवीस हातांवर जुनी फांदी मोडल्याची जखम आणि तिथे ढोली. ढोलीचं तोंड मातीने लिंपलेलं, मधे एक उभी फट. आत धनेशाची मादी बसली होती. आमच्याकडची म्हातारी माणसं त्याला गरुडच म्हणतात. संध्याकाळपर्यंत थांबले तेव्हा नर आला आणि एकेक फळ घशातून काढून फटीतून आत देत राहिला.

ती ढोली बुरशीने केलेली होती. फांदी मोडल्यावर जखमेतून बुरशी आत शिरते आणि गाभा खाते. गाभ्याचं लाकूड तसं मेलेलंच असतं, झाडाचा जीव सालीखालच्या पातळ थरात आणि त्याला लागून असलेल्या रसाच्या लाकडात वाहतो. म्हणून पोकळ झाड शंभर वर्षंही उभं राहू शकतं. अमेरिकेतल्या ॲलेक्स शायगो या वनरोगतज्ज्ञाने हजारो खोडं उभी चिरून पाहिली आणि १९७०च्या दशकात दाखवून दिलं की झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड जखमेभोवती भिंती उभारतं, रोगट भाग आतल्या आत कोंडून टाकतं आणि त्याच्या बाहेर नवं लाकूड घालत राहतं. दुखणं पोटात ठेवून जगतं. शायगोचं हे लिखाण माझ्या हातात येईपर्यंत उशीर झाला होता.

१९८६ साली मी नोकरीत नवी होते. शेजारच्या वाडीतल्या एका जुन्या आंब्याची ढोली दाखवायला लोकांनी मला बोलावलं. तेव्हाच्या पुस्तकांत लिहिलं होतं तसंच मी केलं. कुजकं लाकूड जिवंत लाकडापर्यंत खरवडून काढलं, डांबर फासलं, विटांचे तुकडे आणि सिमेंट भरून वरून गुळगुळीत गिलावा केला. लोक खूश झाले. दातात चांदी भरावी तसं दिसत होतं. खरवडताना मी झाडाने स्वतः बांधलेली भिंत फोडली होती, हे मला ठाऊक नव्हतं. खोड वाऱ्यात वाकतं, सिमेंट वाकत नाही, हेही सुचलं नाही. सहाव्या पावसाळ्यात, आषाढातल्या एका रात्री तो आंबा बरोबर सिमेंटच्या वरच्या काठावर मोडला. सकाळी मी गेले तेव्हा सिमेंटचा गोळा तसाच, गुळगुळीत, अर्ध्या खोडात उभा होता. झाडाच्या मालकिणीने मला चहा दिला, एक शब्द बोलली नाही. त्या ढोलीत एक पिंगळा राहायचा, हे तिने त्याआधी मला दोनदा सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं. पुस्तकात पिंगळ्याचा रकाना नव्हता.

म्हणून बेहड्यापुरतं मी मानकऱ्यांना त्याच संध्याकाळी सांगून टाकलं की हे झाड आजारी नाही, म्हातारं आहे, आणि त्याच्या पोटात कुणीतरी बाळंत झालंय. त्यावर कुणी काही बोललं नाही.

आंब्याचं तसं नव्हतं. आंबा देवळाच्या समोरचा, चार माणसांनी हात जोडले तरी कवेत न येणारा. आदल्या पौषात तो असा मोहरला होता म्हणे की पान दिसेना. गावाने देवी प्रसन्न झाली म्हणून नारळ फोडले. मला ते ऐकून धस्स झालं. जिवावर बेतलेलं झाड कधीकधी असं फुलतं, हातात होतं नव्हतं ते सगळं बियांच्या नावाने खर्चून टाकतं. वर पाहिलं तर शेंड्याच्या डहाळ्या वाळलेल्या, खालची पानं नेहमीच्या निम्मी आणि फिकट. कैऱ्या सुपारीएवढ्या होऊन गळत होत्या. दक्षिणेच्या अंगाला खोडावर भोकं, भोकांखाली ओल्या भुशाचे पुंजके. भिरूड लागला होता. माझा एक भाचा सुपारीबागेतला पंप आणि मोरचूद-चुन्याचं पिंप तयार ठेवूनच होता. दुसरा म्हणाला, आत्या, भोकात औषध ओतून माती लिंपू, संपला विषय.

पण भिरूड धडधाकट आंब्याला सहसा एवढा जोर करत नाही. तो मलूल झालेल्या, सुकत चाललेल्या सालीचा माग काढत येतो. गिधाड दिसलं म्हणून त्यालाच खुनी ठरवायचं नसतं. रोग ओळखायचा तर वरून खाली नजर नेत जावी लागते, शेंड्यापासून पानांकडे, पानांपासून खोडाकडे आणि शेवटी मातीकडे. बहुतेक वेळा उत्तर मातीत असतं आणि बहुतेक माणसं मातीपर्यंत पोचत नाहीत.

झाडाचं खोड जमिनीत शिरताना परकराच्या घेरासारखं पसरतं. आमच्या आंब्याचा घेर इतका होता की लहानपणी त्याच्या दोन मुळांच्या बेचक्यात मी लपत असे. आता तो कुठेच दिसेना. खोड खांबासारखं सरळ फरशीत घुसलं होतं. दोन वर्षांपूर्वी मुंबईकरांच्या मंडळाने देवळाचं सुशोभीकरण केलं होतं. आंब्याला कमरेएवढा चिऱ्यांचा गोल पार, आत मुरूम, वर चकचकीत फरशी, आणि प्रदक्षिणेसाठी सगळ्या अंगणात सिमेंटचे ठोकळे. खोडाभोवती चार बोटं जागा सोडलेली नव्हती. झाडाची खाणारीपिणारी मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि त्यांना हवा लागते. माणसाला वाटतं, झाड पानांनी श्वास घेतं. पायांनीही घेतं. आंबा दोन वर्षं गुदमरत होता आणि गाव त्याच्याभोवती अनवाणी प्रदक्षिणा घालत होतं.

दुसऱ्या दिवशी सभामंडपात गावकी बसली. मी बायकांत, खांबाला टेकून बसले होते. मानकऱ्यांत बोलायचा मान माहेरवाशिणीला नाही, पण ऐकून घेतात. कौल काय विचारायचा यावर चर्चा चालली होती. आमच्याकडे देवीच्या पाषाणावर पाण्याने फुलाच्या पाकळ्या लावतात, गाऱ्हाणं घालतात आणि वाट बघतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. तिसरं उत्तर नाही. मी लहानपणापासून हे पाहत आले होते, पण त्या दुपारी मला प्रथम उमगलं की देवी फक्त हो किंवा नाही म्हणते. प्रश्न घडवायचं काम तिने आपल्यावर सोडलेलं आहे. 'आंबा तोडू का?' असा प्रश्न घातला तर ती त्याचंच उत्तर देणार. ज्याला रोग ओळखता येत नाही त्याला प्रश्न घडवता येत नाही, आणि वाकडा प्रश्न घेऊन देवापुढे उभं राहणं मला अपराध वाटतो.

मी म्हटलं, "तात्या, असं विचारता येईल का, की आम्ही घातलेली फरशी काढू का?"

तात्या बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्याला कौल कशाला गो? तिचं न्यायचं तर विचारायचं. आपन घातलेलं उचलायचं तर माफी मागायची."

सभामंडपात कुणी हललं नाही. फरशीसाठी सगळ्यांत जास्त वर्गणी दिलेला मुलगा माझ्या डाव्या हाताला उभा होता, घाटकोपरला रिक्षा चालवतो. पारावरच्या एका फरशीवर त्याच्या आईचं नाव कोरलेलं होतं. ती वारली त्या वर्षीच त्याने पैसे दिले होते. त्याचा चेहरा पाहून मला वाटलं, मी बोलायला नको होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पहार घेऊन पहिला तोच आला. आईच्या नावाची फरशी त्याने स्वतः, काठ न मोडता, छिन्नीने सोडवून घेतली. आता ती देवळाच्या बाहेरच्या भिंतीत आहे.

जेसीबी आणू दिला नाही. पाच दिवस पहारी, टिकाव आणि हात. ठोकळे उचलल्यावर खालच्या मातीला गटारासारखा आंबूस वास येत होता. मी बोटाएवढं एक मूळ उकरून दोन बोटांत धरलं आणि ओढलं. ओल्या बाहीसारखी वरची साल सुटून हातात आली, मधे नुसता दोरा राहिला. मेलेलं मूळ असं असतं. पण देवळाच्या मागच्या अंगाला, जिथे ठोकळे पोचले नव्हते, तिथली मुळं पांढरी आणि कडक होती. बुंध्यावरचा मुरूम काढता काढता तिसऱ्या दिवशी तो परकराचा घेर वर आला. त्या बेचक्यातली साल काळी, मऊ पडली होती. मी तिथे तळहात ठेवून थोडा वेळ बसले.

मोकळ्या केलेल्या मातीवर पालापाचोळा पसरायला हवा होता, आणि इथे परत कायदा आडवा आला. देवरहाटीतलं पान उचलायचं नाही. बाहेरून आणावा तर दुसऱ्या बागेतला रोग सोबत यायचा. शेवटी तात्या म्हणाले, पान देवीच्या रानातून देवीच्याच झाडाखाली गेलं तर ते रानाबाहेर गेलं कुठे? टोपल्या भरल्या गेल्या. औषधाचं पिंप भाच्याने परत बागेत नेलं. मी काही जादू केली नाही. शेणखतात वाढवलेली ट्रायकोडर्मा मुळांशी घातली, तीही मातीतलीच एक बुरशी, दुसऱ्या बुरश्यांना आवरणारी. उरलेलं काम आंब्याने करायचं होतं.

किंजळ मात्र खराच मरत होता, आणि त्यात आमचा दोष मला सापडला नाही. पालखी जिथे बसते त्या सहाणेवर तो कललेला. बुंध्यावर तांबूस, लाखेचं पाणी दिल्यासारख्या चकचकीत कडक आळंब्या, काठाला पांढरी किनार. वरच्या बाजूला आणि आजूबाजूच्या पानांवर तपकिरी धूळ बसलेली. गॅनोडर्मा. मुळं आणि बुंधा आतून कुजवणारी बुरशी. लोखंडी सळई मुळात खुपसली तर कुजक्या भोपळ्यात जावी तशी गेली. कललेल्या बाजूच्या उलट अंगाला जमिनीला भेग पडून माती उचलली गेली होती. म्हणजे मुळांची पकड सुटत होती. शिमग्याला त्या सहाणेवर चारशे माणसं नाचतात.

एक मानकरी म्हणाले, रोग पसरण्याआधी शेजारचे दोन्ही किंजळही पाडू. माझा आवाज तेव्हा चढला. १९०४ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात चेस्टनटच्या झाडांवर आशियातून आलेल्या एका बुरशीचा रोग दिसला. पुढच्या पन्नासेक वर्षांत त्याने अमेरिकेतले अब्जावधी चेस्टनट मारले. पेन्सिल्व्हेनियात रोगाला अडवायला झाडं तोडून पट्टे पाडायचा प्रयत्न झाला, तो फसला. ठिकठिकाणी लोकांनी मरण्याआधी लाकूड तरी हाती लागावं म्हणून धडधाकट झाडंही तोडली. त्यांत रोगाला तोंड देऊ शकणारी किती होती, हे आता कुणालाच कळणार नाही, कारण ती वाचतात का हे पाहायला कुणी थांबलं नाही. शेजारचे किंजळ वाचतीलही. देवरहाटीत एकाशेजारी एक दहा जातींची झाडं उभी असतात, एकसुरी लागवडीत जशी बुरशी मुळामुळाला लागत जाते तशी ती इथे सहज जात नाही.

मी विचारलं, सहाण हलवता येईल का? झाड हलत नसेल तर माणसांनी हलावं. तात्यांनी मान हलवली. सहाण पिढ्यान् पिढ्यांची.

तेव्हा कौल लावला. पहिलं गाऱ्हाणं, किंजळ उतरून घेऊ का? आम्ही श्वास रोखून बसलो. डावी पाकळी पडली. कुजबुज झाली. कुणी म्हणालं, पडू दे मग, देवीची इच्छा. मी तात्यांना खुणेने बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं. ते परत गेले. दुसरं गाऱ्हाणं वेगळं होतं. पालखीच्या माणसांवर पडू नये एवढ्यापुरता त्याचा वरचा भार उतरवतो, बुंधा तुझ्या रानात उभा ठेवतो, लाकूड तुझ्याच रानात ठेवतो. "होय म्हाराजा," सगळे म्हणाले. थोड्या वेळाने उजवी पडली.

मी देवी मानते. दरवर्षी ओटी भरते. पाकळी कशी पडते हे मला ठाऊक नाही आणि ते शोधायची इच्छाही नाही. पण दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा खरा होता, हे मी माझ्या शास्त्राच्या नावाने सांगू शकते. उंची आणि फांद्यांचं ओझं गेलं की कुजका बुंधाही बराच काळ उभा राहतो, आणि मेलेल्या उभ्या लाकडात जितके जीव राहतात तितके जिवंत लाकडात राहत नाहीत.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत झाडांच्या रोगाच्या खुणा सांगितल्या आहेत. पानं फिकट पडणं, नवी पालवी न वाढणं, फांद्या वाळणं, रस गळणं. पहिला उपाय शस्त्राचा, बिघडलेला भाग कापून स्वच्छ करायचा, मग विडंग, तूप आणि चिखलाचा लेप. त्याच ग्रंथात मूर्तीसाठी लाकूड आणायला रानात शिरण्याचा विधीही आहे. आदल्या रात्री झाडाची पूजा करून नैवेद्य ठेवायचा आणि त्यावर जे कुणी वस्तीला असतील त्यांना हात जोडून सांगायचं की हे घ्या, दुसरीकडे वस्ती करा, आम्हांला क्षमा करा. तात्यांनी बृहत्संहिता वाचलेली नाही. पण किंजळावर माणूस चढण्याआधी त्यांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं त्यात हेच होतं. या झाडावर कुनी पाखरू असेल, कुनी किरडू असेल, कुनी न दिसणारं असेल, त्यानं रागावू नये. दोर बांधून, कोयती आणि करवतीने दोन दिवसांत वरचा भार खाली आला. दोन पुरुष उंचीचा बुंधा राहिला. ओंडके गारंबीच्या वेलीखाली ठेवले, तिथेच आहेत. तोडणाऱ्या माणसाने मजुरी घेतली, पण सरपणाची काटकी नेली नाही. त्याच्या पायताणाला चिकटलेला भुसासुद्धा त्याने निघताना वहाणा आपटून तिथेच झाडला.

काम उरकल्यावर तात्यांनी बुंध्यावरच्या आळंबीकडे बोट करून विचारलं, "बाय, ह्या तुज्या भाषेत रोग. मग देवीच्या रानात रोग लावला कुनी?"

मला आजी आठवली. आमच्या परसातल्या फणसाच्या खोडावर अशीच एक कडक, तपकिरी आळंबी येई. फणसोंबा. तीही फणसाचा गाभा कुजवणारीच. आजी ती काढून वाळवून ठेवी आणि तान्ह्या मुलाची लाळ फार गळायला लागली, तोंड आलं की पाण्यात उगाळून बोटाने लावी. माझ्याही तोंडाला लावली होती. तात्यांना मी एवढंच सांगितलं. ते उत्तर नव्हतं, त्यांनाही ते कळलं.

तीन पावसाळे झाले. आंब्याचा शेंड्याकडचा अर्धा भाग गेला, तो मी अजून काढू दिलेला नाही. वाळक्या फांद्यांत सुतार पाखरं येतात. खालच्या, देवळामागे गेलेल्या फांदीला मात्र गेल्या माघात तांबूस पालवी आली, पानं हाताएवढी. मोहोर बेताचा होता. मला तो बेत पाहून बरं वाटलं. भिरुडाची नवी भोकं नाहीत. तो जगेल का हे मला सांगता येत नाही. आंब्याच्या आयुष्याच्या मानाने तीन वर्षं म्हणजे आपली आठ-पंधरा दिवसांची खबरबात.

बेहड्यावर धनेशाची जोडी दरवर्षी येते.

गेल्या श्रावणात ओटी भरायला गेले तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. सहाणेवर शेवाळ धरलेलं. किंजळाच्या बुंध्यावर तीच आळंबी वाढून दोन तळहातांएवढी झाली होती, काठाची पांढरी किनार अजून ओली. वरच्या तपकिरी धुळीत पिवळं-तांबडं काहीतरी होतं. वाकून पाहिलं. सकाळी देवीची पूजा झाल्यावर तात्यांनी तिलाही हळदकुंकू लावलं होतं.